व्हीव्हीटी, आय-व्हीटेक, व्हीटीव्हीटी: बोनेटखालची अक्षरं आणि तुमच्या गॅरेजचा धंदा



ज्यांना गॅरेज टाकायचंय, ऑइल आणि स्पेअरचं दुकान काढायचंय किंवा जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत उतरायचंय, त्यांच्यासाठी आजचा विषय आहे. इंजिनाच्या कव्हरवर, नाहीतर डिकीवर काही अक्षरं असतात: व्हीव्हीटी, ड्युअल व्हीव्हीटी, आय-व्हीटेक, व्हीटीव्हीटी. गिऱ्हाईक विचारतं, "दादा, हे काय असतं?" आणि आपल्याकडचं ठरलेलं उत्तर असतं, "ते कंपनीचं काहीतरी नाव आहे हो."

ते नुसतं नाव नाही. ती इंजिनाच्या श्वास घेण्याची पद्धत आहे. सिस्टिम वेगवेगळ्या आहेत, पण त्यातल्या बहुतेक सगळ्या एकाच गोष्टीवर चालतात, ती म्हणजे इंजिन ऑइलचा दाब. आजच्या लेखातून एवढं एक लक्षात राहिलं तरी पुरे. कारण याच एका गोष्टीवरून छोटं गॅरेज नाव कमावतं किंवा घालवतं.

मी बीबीए केलंय, इंजिनिअर नाही. म्हणून दुकानदाराला कळेल अशाच भाषेत सांगतो.

आधी मूळ अडचण समजून घ्या

पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व असतो, तो इनटेक. जळालेला धूर बाहेर सोडणारा असतो, तो एक्झॉस्ट. हे व्हॉल्व उघडतो कॅमशाफ्ट. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. त्या उंचवट्याला लोब म्हणतात. टायमिंग चेन किंवा बेल्ट हा दांडा फिरवतो. क्रँक दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरतो.

आता थोडा हिशेब करू. इंजिन आयडलला ८०० आरपीएमवर आहे. क्रँकच्या एका फेरीला ७५ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पिस्टन वरून खाली यायला साधारण साडेसदतीस मिलिसेकंद मिळतात. तेच इंजिन ६००० आरपीएमवर गेलं की त्याच कामाला मिळतात फक्त ५ मिलिसेकंद. काम तेच, वेळ साडेसात पट कमी.

हवेलाही वजन असतं. जोरात धावणारी हवा पिस्टन तळाला पोचला तरी आत घुसतच राहते. त्यामुळे जास्त आरपीएमला इनटेक व्हॉल्व जरा उशिरा बंद केला तर फायदा होतो, सिलिंडर जास्त भरतो. पण कमी आरपीएमला तसंच केलं तर? हवा सावकाश येत असते, पिस्टन वर यायला लागतो आणि आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. ताकद गेली.

दुसरी अडचण ओव्हरलॅपची. एक्झॉस्ट बंद होण्याआधीच इनटेक थोडा उघडतो, त्या वेळेला ओव्हरलॅप म्हणतात. जास्त आरपीएमला तो उपयोगाचा, कारण बाहेर जाणारा धूर नव्या हवेला ओढून घेतो. आयडलला मात्र तोच धूर इनटेककडे घुसतो आणि इंजिन थरथरतं.

म्हणजे एकच कॅम, एकच वेळ, आणि दोन अगदी उलट्या गरजा. जुन्या इंजिनांत कंपन्या मधला मार्ग काढायच्या. वरंधा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी ओढली पाहिजे आणि सातारा हायवेला १०० च्या स्पीडला दमही लागला नाही पाहिजे, हे दोन्ही एकाच फिक्स टायमिंगमध्ये पूर्ण बसत नाही. हे टायमिंग गरजेप्रमाणे बदलायची सोय म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व टायमिंग, थोडक्यात व्हीव्हीटी.

दुकानाच्या शटरचं उदाहरण

समजा तुमचं राजगडाच्या पायथ्याला नाश्त्याचं दुकान आहे. इतर दिवशी गावातली चार माणसं येतात. पावसाळ्यातल्या रविवारी ट्रेकर्सची पहाटेपासून गर्दी. तुमच्याकडे तीन मार्ग आहेत.

पहिला: दुकान आठ तासच उघडं ठेवायचं, पण वेळ सरकवायची. इतर दिवशी १० ते ६, रविवारी ५ ते १.

दुसरा: दोन वेगळी वेळापत्रकं. इतर दिवशी सहा तास आणि अर्धं शटर, रविवारी बारा तास आणि पूर्ण शटर. दिवस बघून पाटी बदलायची.

तिसरा: गिऱ्हाईक जसं येईल तसं शटर कमी-जास्त वर करायचं. ठरलेली पाटीच नाही.

जगातल्या बहुतेक सिस्टिम या तीन मार्गांपैकी एकात, नाहीतर दोघांच्या मिश्रणात बसतात. आता एकेक बघू.

पहिला प्रकार: वेळ सरकवणारी सिस्टिम, म्हणजे कॅम फेजिंग

आपल्या रस्त्यांवर सर्वात जास्त दिसते ती हीच. मारुतीचं व्हीव्हीटी, टोयोटाचं व्हीव्हीटी-आय, ह्युंदाईचं व्हीटीव्हीटी, सगळी याच घरातली. उत्पादनातल्या गाडीत व्हेरिएबल टायमिंग पहिल्यांदा आलं ते १९८० मध्ये, इटलीच्या अल्फा रोमिओ स्पायडरमध्ये. टोयोटाने व्हीव्हीटी-आय १९९५ मध्ये आणलं.

काम कसं चालतं? कॅमशाफ्टच्या टोकाला चेनचं चाक असतं, त्याच्या आत एक डबी असते. तिला फेजर म्हणतात. डबीचा बाहेरचा भाग चेनबरोबर फिरतो. आतला पंख्यासारखा भाग कॅमशाफ्टला घट्ट जोडलेला असतो. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या दोन्ही बाजूंना ऑइलसाठी कप्पे असतात. एका बाजूच्या कप्प्यात ऑइल भरलं की पातं पुढे सरकतं, म्हणजे कॅम पुढे फिरतो आणि व्हॉल्व लवकर उघडतो. दुसऱ्या बाजूला भरलं की मागे सरकतो आणि व्हॉल्व उशिरा उघडतो. क्रँकच्या हिशेबात ही हालचाल साधारण ४० ते ६० अंशांपर्यंत असते.

कोणत्या कप्प्यात किती ऑइल सोडायचं हे ठरवतो ईसीयू. सोडायचं काम करतो ऑइल कंट्रोल व्हॉल्व. गॅरेजमध्ये याला ओसीव्ही किंवा नुसतं "व्हीव्हीटी सोलेनॉइड" म्हणतात. कॅम खरंच किती सरकला ते कॅम सेन्सर परत ईसीयूला सांगतो. इंजिन बंद होताना एक लॉक पिन फेजरला जागेवर अडकवते, म्हणजे पुढच्या स्टार्टला ऑइलचा दाब येईपर्यंत तो खडखडत नाही.

फक्त इनटेक कॅमला फेजर असेल तर साधं व्हीव्हीटी. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हींना असेल तर ड्युअल व्हीव्हीटी. एक्झॉस्टही सरकवता आला की थोडा जळालेला धूर मुद्दाम सिलिंडरमध्ये ठेवता येतो. त्याने आतलं तापमान कमी राहतं आणि धुरातला नायट्रोजन ऑक्साइड कमी होतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्यानंतर कंपन्यांना याची गरज आणखी वाढली.

मारुतीचंच बघा. २०११ च्या नव्या स्विफ्टच्या पेट्रोल इंजिनात व्हीव्हीटी आलं. २०२० च्या डिझायरमध्ये ड्युअलजेट, ड्युअल व्हीव्हीटी इंजिन आलं आणि ताकद ८३ वरून ९० पीएस झाली. त्याच घरातलं इंजिन २०२२ च्या शेवटी इकोमध्येही आलं. याच मारुतीने एप्रिल २०२० ला डिझेल गाड्या बंद केल्या. आता भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर पॅसेंजर, किराणा, शाळेची मुलं घेऊन फिरणाऱ्या इकोंचा विचार करा. जितक्या नव्या गाड्या येतील, तितक्या तुमच्या दारात व्हीव्हीटीवाल्या गाड्या येणार. जुनी ओम्नी आणि ऑल्टो ८०० यांत व्हीव्हीटी नव्हतं, म्हणून जुन्या मिस्त्रींना त्याची सवय नाही. तुमच्यासाठी संधी इथेच आहे.

एक वेगळा उपप्रकारही आहे. टोयोटाने लेक्ससच्या गाडीत २००६ मध्ये इनटेकचा फेजर ऑइलऐवजी इलेक्ट्रिक मोटरवर चालवला. इंजिन थंड असतानाही तो काम करतो. पण आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत अजून ऑइलचंच राज्य आहे.

दुसरा प्रकार: पाटी बदलणारी सिस्टिम, म्हणजे लोब बदलणं

हे होंडाचं व्हीटेक. १९८९ मध्ये जपानमध्ये होंडा इंटेग्रामध्ये आलं. १.६ लिटरच्या त्या इंजिनाने १६० पीएस ताकद दिली. टर्बो नसताना लिटरमागे १०० पीएस, त्या काळात मोठी गोष्ट होती.

यात कॅमशाफ्टवर एका सिलिंडरच्या दोन इनटेक व्हॉल्वसाठी तीन लोब असतात. दोन बाजूंना छोटे, मध्ये मोठा. कमी आरपीएमला छोटे लोब व्हॉल्व दाबतात. मधला मोठा लोब आपल्या रॉकर आर्मला हलवत असतो, पण तो आर्म मोकळा असल्याने व्हॉल्वपर्यंत काही पोचत नाही. आरपीएम वाढले की ईसीयू सोलेनॉइड उघडतो, ऑइलचा दाब रॉकर आर्ममधल्या पिना सरकवतो आणि तिन्ही आर्म एकमेकांत अडकून एक होतात. आता हुकूम मोठ्या लोबचा. व्हॉल्व जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा राहतो. म्हणजे यात नुसती वेळ नाही, शटरची उंचीही बदलते.

पण प्रत्येक व्हीटेक सारखा नसतो. काही इंजिनांत तो ताकदीपेक्षा ॲव्हरेजसाठी वापरलाय: कमी आरपीएमला दोनपैकी एक इनटेक व्हॉल्व जवळजवळ बंद ठेवतात, म्हणजे हवा गरगरत आत येते आणि कमी पेट्रोलमध्ये नीट जळते. "आय-व्हीटेक" लिहिलंय म्हणून फेजर असेलच असंही नाही. काही मॉडेलमध्ये फेजर आणि लोब बदल दोन्ही आहेत, काहींत फक्त लोब बदल. म्हणून स्पेअर मागवताना बिल्ल्यावर जाऊ नका, इंजिन नंबर आणि मॉडेल वर्ष बघा.

दुचाकीतही हे आलंय. यामाहाच्या आर-१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत, आपल्याकडे २०१८ मध्ये, व्हीव्हीए आलं. १५५ सीसीच्या या इंजिनात ७४०० आरपीएमला इनटेकचा लोब बदलतो. कॉलेजची पोरं ती गाडी घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, वर गेल्यावर आवाज बदलतो, काही बिघडलंय का?" बिघडलेलं नाही. लोब बदलला की आवाज थोडा बदलतोच. हे सांगता आलं की पोरगं परत तुमच्याकडेच येतं.

तिसरा प्रकार: शटर हवं तेवढं उघडणारी सिस्टिम

नेहमीच्या पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप बंद होत जाते आणि इंजिनाला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते. नाकाला रुमाल घट्ट धरून श्वास घेण्यासारखं. त्यात ताकद वाया जाते. मग विचार आला की थ्रॉटलऐवजी इनटेक व्हॉल्वच कमी-जास्त उघडला तर?

बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॅल्व्हेट्रॉनिक आणलं. कॅम आणि व्हॉल्वच्या मध्ये एक जादा लिव्हर, आणि त्या लिव्हरची जागा बदलणारी इलेक्ट्रिक मोटर. व्हॉल्व अगदी केसभर ते साडेनऊ मिलिमीटरच्या वर, हवा तेवढा उघडतो.

फियाटने २००९ मध्ये मल्टीएअर आणलं, आणि त्याचा संबंध थेट आपल्या पुणे जिल्ह्याशी आहे. रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनायला लागली. तिच्या पेट्रोल मॉडेलमध्ये १.४ लिटरचं मल्टीएअर इंजिन होतं. यात कॅमचा लोब एका छोट्या पंपाचा पिस्टन दाबतो. तो पिस्टन ऑइल दाबतो आणि ते ऑइल व्हॉल्व उघडतं. मध्ये सोलेनॉइड आहे. तो बंद असेल तर ऑइलला दुसरी वाट नाही, व्हॉल्व पूर्ण उघडतो. सोलेनॉइड मध्येच उघडला की ऑइल बाजूला निघून जातं आणि व्हॉल्व लवकर बंद होतो. म्हणजे कॅम आणि इनटेक व्हॉल्वच्या मध्ये चक्क ऑइलचा खांब आहे. ऑइल घाण किंवा चुकीचं असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

चाकणलाही एक भाऊबंद आहे. २०२१ मध्ये तिथल्या फोक्सवॅगन ग्रुपच्या कारखान्यातून कुशाक आणि टायगुन आल्या. त्यांच्या १.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात गाडी निवांत चालत असताना चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद होतात. कॅमवरची नळी सरकते आणि त्या दोन सिलिंडरचे व्हॉल्व उघडतच नाहीत. दोन दुकानांची गर्दी नसेल तर शटर खालीच.

आता धंद्याचं: ऑइल का महत्त्वाचं?

ओसीव्ही आणि फेजरमधल्या ऑइलच्या वाटा फार बारीक असतात. ओसीव्हीच्या तोंडाशी बऱ्याचदा बारीक जाळी असते. तिथे काळा गाळ बसला की ऑइल उशिरा पोचतं. ईसीयूने सांगितलं "१० अंश सरक", कॅम सरकला ४, आणि चेक लाइट लागला.

आपल्या भागात याची चार कारणं जास्त दिसतात.

१. जाड ऑइलचा मोह. "जाड ऑइल म्हणजे दणकट" असा समज आहे. पण ज्या इंजिनाला कंपनीने ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलंय, त्यात २०डब्ल्यू-४० ओतलं तर सकाळच्या थंड स्टार्टला ते बारीक वाटांतून वेळेत जात नाही. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याचदा ऑइलच्या झाकणावरही छापलेला असतो. तोच वापरा.

२. सीएनजीचा भास. सीएनजीवर ऑइल लवकर काळं पडत नाही. ड्रायव्हर डिपस्टिक बघतो आणि म्हणतो, "अजून चांगलंय की!" रंग चांगला असला तरी उष्णतेने ऑइलचं आयुष्य संपत असतं. किलोमीटर आणि महिने, दोन्हींत जे आधी येईल त्याप्रमाणे बदलायचं.

३. जवळच्या फेऱ्या. बाजारात दोन किलोमीटर जायचं आणि बंद करायचं, असं दिवसभर चाललं की इंजिन पूर्ण तापत नाही. आत साठलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, गाळ लवकर तयार होतो.

४. कमी लेव्हल आणि चढ. ऑइल कमी असेल तर पाबे घाटासारख्या चढा-वळणांवर पंपाला हवा लागू शकते. दाब पडला की फेजर डगमगतो.

इंजिन लाइट लागली, आता काय?

गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, घाटात ओढत नाही, आयडलला थरथरते, ॲव्हरेज पडलंय." सरळ पार्ट बदलायला घेऊ नका. हा क्रम ठेवा:

१. आधी विचारा: शेवटचं ऑइल कधी, कुठे, कोणत्या ग्रेडचं टाकलं?

२. सपाट जागेवर गाडी लावून डिपस्टिक बघा.

३. स्कॅनर लावा, कोड लिहून ठेवा. लगेच पुसू नका.

४. ओसीव्हीचं कनेक्टर आणि वायर बघा. पावसाळ्यात उंदीर बोनेटमध्ये घर करतात, कुरतडलेली वायर हे अगदी नेहमीचं कारण आहे.

५. मल्टिमीटरने ओसीव्हीचा रेझिस्टन्स बघा. टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश तापमानाला तो ६.९ ते ७.९ ओहम असतो. दुसऱ्या कंपनीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधून घ्या.

६. ऑइल जुनं किंवा चुकीचं असेल तर ऑइल आणि फिल्टर बदला, कोड पुसा, चढावर चालवून परत बघा.

७. तरी कोड आला तर ओसीव्ही काढून जाळी साफ करा. तो अडकत असेल तरच नवा टाका.

८. फेजर आणि चेन सगळ्यात शेवटी.

स्कॅनरवर नेहमी दिसणारे कोड असे वाचायचे:

पी००१०: इनटेकच्या ओसीव्हीच्या सर्किटची तक्रार. आधी वायर आणि कनेक्टर.

पी००११: इनटेक कॅम हवा त्यापेक्षा पुढे, किंवा सांगितल्याप्रमाणे सरकत नाही. आधी ऑइल, मग ओसीव्ही.

पी००१२: इनटेक कॅम हवा त्यापेक्षा मागे.

पी००१४: पी००११ सारखंच, पण एक्झॉस्ट कॅमचं.

पी००१६: क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही. इथे थांबा. सेन्सरची गडबड असू शकते, पण चेन लांबली असेल किंवा एक दात सरकला असेल तर प्रकरण गंभीर आहे.

पी००१६ बरोबर चेनचा खडखडाट येत असेल तर गाडी पुढे चालवू देऊ नका. चेन आणखी सरकली तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्ववर आदळतो आणि हेडचं मोठं काम निघतं. ज्याचं घर त्या एका इकोवर चालतं, त्याची गाडी महिनाभर उभी राहिली तर हप्ता कोण भरणार? असं वेळेत सांगणं हीसुद्धा तुमची सेवा आहे, आणि गिऱ्हाईक ती लक्षात ठेवतं.

दोन गॅरेजवाले, एक हिशेब

समजण्यासाठी आकडे धरू, खरे भाव तुमच्या भागात वेगळे असतील. एका इकोला पी००११ आला, ऑइल दहा महिने जुनं आहे.

पहिला गॅरेजवाला कोड बघतो आणि सरळ ओसीव्ही बदलतो. पार्ट ३,५०० आणि मजुरी ५००, बिल ४,०००. ऑइल तेच. नव्या ओसीव्हीतही तोच गाळ जातो, थोड्या दिवसांत लाइट परत. आता गिऱ्हाईक भांडायला येतं. परत उघडायची मजुरी कोण देणार? तुम्हीच.

दुसरा गॅरेजवाला तपासणीचे ३०० घेतो. ऑइल-फिल्टर २,००० आणि मजुरी ३००, बिल २,६००. आणि आधीच सांगतो, "अण्णा, ऑइल संपलंय, ते बदलतो. बऱ्याचदा एवढ्याने भागतं. नाही भागलं तर पुढे ओसीव्ही साफ करावा लागेल, तेव्हा तपासणीचे पैसे परत घेणार नाही."

आज पहिल्याचं बिल १,४०० ने मोठं आहे. पण दुसऱ्याकडे ती इको वर्षातून दोन-तीनदा ऑइलला येणार, शिवाय स्टँडवरच्या चार गाड्या घेऊन येणार. तालुक्याच्या गावात जाहिरातीचं बजेट लागत नाही, ड्रायव्हर लोकांचं तोंडच जाहिरात असते. आणि ते दोन्ही बाजूंनी चालतं, हे विसरू नका.

आणखी एक, "ऑइलने शंभर टक्के जाईल" असं वचन कधीच देऊ नका. क्रम सांगा, खर्चाचा अंदाज सांगा, मग पान्याला हात लावा.

सुरुवातीला काय लागेल?

स्कॅनर: मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर हजार-दोन हजारांच्या आत मिळतो. कोड वाचायला सुरुवातीला पुरतो. धंदा वाढला की कॅमचा कोन लाइव्ह दाखवणारा चांगला स्कॅनर घ्या.

मल्टिमीटर: डिजिटल, साधा चालेल.

ऑइलचा साठा: सगळे ब्रँड भरू नका. तुमच्या रस्त्यावर कोणत्या गाड्या जास्त आहेत ते मोजा आणि तेवढेच तीन ग्रेड ठेवा. माल अधिकृत वितरकाकडून बिलासह घ्या, बनावट ऑइलचे डबे बाजारात फिरत असतात.

नोंदवही: गाडी नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, पुढची तारीख. बोनेटखाली स्टिकर लावा आणि तारीख आली की फोन करा. हा एक फोन तुमच्या धंद्याचा कणा आहे.

जुनं ऑइल: हे घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे केंद्राचे नियम आहेत. ड्रममध्ये साठवा आणि अधिकृत रीसायकलरलाच द्या. ओढ्यात एक थेंब जाता कामा नये. वेल्ह्याचं पाणी पानशेत-खडकवासल्यातून पुण्याच्या नळाला जातं आणि भोरचं भाटघरमधून नीरेच्या शेतांना.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इंजिन फ्लश मारून गाळ काढू का?* फार जुना गाळ असेल तर जपून. जोरदार फ्लशने सुटलेले तुकडे त्याच बारीक जाळीत अडकू शकतात. त्यापेक्षा योग्य ग्रेडचं ऑइल टाकून पुढचा बदल लवकर करा.

*सकाळी स्टार्ट केल्यावर एक-दोन सेकंद खडखड होते, काय असेल?* ऑइल खाली उतरून फेजर रिकामा झाला असेल किंवा लॉक पिन झिजली असेल. आधी ऑइलचा ग्रेड आणि फिल्टर बघा. आवाज वाढत असेल तर चेन आणि फेजर तपासा.

*डिझेलला व्हीव्हीटी का नसतं?* डिझेल इंजिनात हवा रोखून ताकद कमी-जास्त करत नाहीत, डिझेलच कमी-जास्त सोडतात. आरपीएमचा पल्लाही कमी. त्यामुळे तिथे फायदा कमी, अपवाद थोडे.

*जुनी गाडी घेताना काय बघू?* थंड इंजिन स्वतः स्टार्ट करा आणि आवाज ऐका. ऑइलचं झाकण उघडून आत काळा थर आहे का बघा. स्कॅनर लावा. कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही स्कॅनरमधल्या अपूर्ण टेस्टवरून कळतं. अशी तपासणी फी घेऊन करून देणं हासुद्धा एक चांगला जोडधंदा आहे.

या आठवड्याचं काम

नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत, किंवा कापूरहोळपासून भोरपर्यंत, तुमच्या रस्त्यावरच्या पन्नास गाड्या मोजा. मॉडेल, वर्ष, पेट्रोल की सीएनजी, व्हीव्हीटी आहे की नाही आणि ऑइलचा ग्रेड, असे पाच रकाने करा. त्या एका कागदावरून दुकानात कोणतं ऑइल भरायचं, कोणते ओसीव्ही आणि फिल्टर ठेवायचे आणि कोणत्या ड्रायव्हरला पहिला फोन करायचा, तिन्ही ठरतं. बँकेत कर्जाला गेलात तर प्रोजेक्ट रिपोर्टच्या मागे हाच कागद जोडा. मॅनेजरला कळेल की हा माणूस गिऱ्हाईक मोजून आलाय.

ओसीव्ही काढून जाळी कशी साफ करायची ते व्हिडिओत दाखवलंय, तो बघा. काही अडलं तर खाली विचारा, गाडीचं मॉडेल आणि वर्ष मात्र नक्की लिहा.